तव्यावर राहिलेला डबा

कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला एक पत्र्याचा ठोकळा असतो. भिंतीतली वीज आत घ्यायची आणि यंत्राला पचेल अशी करून पुढं द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याला एसएमपीएस म्हणतात, आणि त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. स्वस्तातला आणायचा, बसवायचा, जळला की दुसरा बसवायचा, असा जगाचा रिवाज. पण इंद्रजीत सरांच्या कॉम्प्युटर क्लासच्या शाखा पार खेड्यापाड्यांत पसरलेल्या. तिथली वीज कधी अंगात आल्यासारखी उसळते, कधी पार मान टाकते, आणि हलका एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, सगळा कॉम्प्युटर सोबत घेऊन जातो. दोन-चारदा हात पोळल्यावर सरांनी ठरवलं, की नवा माल घेण्याआधी एक नग शहागंजातल्या गोदामावरच्या खोलीत पाठवायचा, राजकुमारकडं. तो दिवसभर तापवून बघेल, आणि तो म्हणेल ते खरं.

तर हा राजकुमार. पन्नाशीला टेकलेला, चिकलठाण्याला घर, घरात तो आणि त्याची म्हातारी आई मालनबाई. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून नातेवाईक दमले आणि आपापल्या पोरांच्या लग्नाला लागले. माणूस कामाला चोख, पण बोलायला महाकंजूस. चार शब्दांच्या जागी दोन, आणि दोनाच्या जागी नुसती मान हलवायची. या कंजुषीपायी त्याचं काय काय गेलं, तेच तर सांगायचं आहे.

त्याच्या खोलीचे नियम दोन. ज्याचा माल, त्यानं तपासणी संपेस्तोवर समोर बसायचं. मागाहून ‘तुमच्या माणसानं मुद्दाम जाळला’ अशी बोंब नको. आणि माल नापास झाला तर दुरुस्त करून पुन्हा घेऊन यावं, हवं तितक्यांदा यावं. पास झाला, की मात्र पुढचा सगळा व्यवहार सरांच्या सिडकोतल्या ऑफिसात. राजकुमारचा आणि त्या माणसाचा संबंध तिथं संपला. हे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचा घोळ सगळा यातूनच झाला.

गुरुवारी दुपारी करमाडहून एक नग आला, तपासणी दुसऱ्या दिवशी होती. कुठल्याशा शेडमध्ये बनवलेला, नाव कधी कानावर न आलेलं, भाव मात्र सरांच्या मनासारखा. राजकुमारनं तो आधी हातावर तोलला. फसवा माल हातालाच कळतो. आतलं तांबं-लोखंड वाचवलेलं असतं. हा भरीव लागला. मग स्क्रू काढून झाकण उघडलं. कपॅसिटर नावाजलेले नव्हते पण खोटेही नव्हते. उष्णता ओढून घेणारे अॅल्युमिनियमचे पत्रे चांगले जाड होते. तारा जोडणारं सोल्डर स्वच्छ होतं. बरं काम आहे की, असं तो मनात म्हणतोय तोवर त्याची नजर तारांच्या जुडग्यावर गेली आणि तिथंच अडकली.

तारा मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या होत्या. आता मेणाचा दोरा वापरतो कोण? प्लास्टिकची पट्टी ओढली की काम झालं. इथं मात्र दोऱ्याला वेढे, मग एक उलटा फास, आणि उरलेलं टोक कापून न टाकता आत खुपसलेलं. अशी गाठ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मारायचे, तो कारखाना बंद पडून जमाना झाला. आणि टोक आत खुपसायची सवय त्या कारखान्यात एकाच मुलीला होती. राजकुमारनं झाकण परत लावलं. एक स्क्रू टेबलावरच राहिला. संध्याकाळी घरी त्याला घास गेला नाही, तेव्हा मालनबाईनं पोट बिघडलं समजून ओव्याची चिमूट त्याच्या हातावर ठेवली.

बावीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. तो कारखाना असेच एसएमपीएस बनवायचा. तयार माल बाहेर पडण्याआधी दिवसभर पूर्ण ओझ्यावर चालवून बघायची तिथं रीत होती. ओझं म्हणजे अॅल्युमिनियमच्या जाड पाटीवर बसवलेले रेझिस्टर. स्विच दाबला की एकेक रेझिस्टर वीज खायला लागायचा आणि पाटी चांगली पोळायची. तिला सगळे तवा म्हणत. तव्याशी दोघांनी बसायचं. एकानं मीटरवरचा आकडा सांगायचा, दुसऱ्यानं मालावर हात ठेवून तो किती तापला ते सांगायचं. राजकुमार मीटरला असायचा. हाताला तनुजा, करमाडहून जीपनं येणारी, शेतीवाडीवाल्या मराठा घरातली.

दुपारी सगळे आपले डबे गरम करायला तव्यावर ठेवायचे. तव्यावर डबे शेजारी असले तरी जेवताना माणसं आपोआप वेगळी व्हायची. कुणी कुणाला उठ म्हणायचं नाही. पण राजकुमार बौद्ध वस्तीतला हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्या डब्यात कुणाचा हात जायचा नाही. एक दिवस तनुजानं सरळ त्याच्या डब्यातली कारळ्याची चटणी उचलली, भाकरीला लावली, आणि तिखट जरा कमी घाला म्हणावं तुमच्या आईला, असं सांगून जेवायला लागली. झालं. राजकुमारचं जे काय व्हायचं ते त्या दिवशी होऊन बसलं. मालनबाई चटणी जास्तीची द्यायला लागली, तिखट कमी झालं, आणि कारखान्यातल्या झाडून सगळ्या पुरुषांना भाऊ म्हणणारी ती पोरगी याला मात्र नुसतं राजकुमार म्हणत राहिली. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून हा पठ्ठ्या एक शब्द बोलला असेल तर शपथ. मग कारखान्याला कुलूप लागलं, तनुजाचं जालन्याला लग्न झालं, आणि भंगारात निघालेला तवा राजकुमार घेऊन आला. तोच आता शहागंजातल्या खोलीत होता.

शुक्रवारी सकाळी ती जिना चढून वर आली. केसांत पांढरं उतरलेलं, नाकावर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. दारात जरा थबकली. समोर कोण बसलंय हे तिला आधीपासून माहीत होतं, तोंडावरूनच कळत होतं. पण म्हणाली काय, तर नमस्कार सर. आणि इतकी वर्षं जिची आठवण काढत म्हातारपणाकडं निघाला, तिला हा शहाणा काय म्हणाला? बसा मॅडम. आता काय करावं अशा माणसाचं, तुम्हीच सांगा.

ती बसली. तिची नजर तव्यावर गेली. कडेला एक जुना ओरखडा होता, त्यावरून तिनं बोट फिरवलं. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि कुणाला न विचारता तव्याच्या कोपऱ्यावर ठेवून दिला, कालपर्यंत रोज ठेवत आल्यासारखा.

राजकुमारनं तारा जोडल्या आणि स्विच दाबायला सुरुवात केली. ठोकळ्यातला पंखा फिरू लागला. मीटरवर बारा व्होल्टची लाइन किंचित खाली आली आणि तिथंच टिकून राहिली. त्यानं आकडा मोठ्यानं म्हटला, सवयीनंच. तिनं, तिच्याही नकळत, ठोकळ्यावर तळवा टेकवला.

‘‘कोमट,’’ ती म्हणाली.

 किती वर्षांनी हा शब्द कानावर आला होता. त्यानंतर तो आकडा म्हणत गेला आणि ती तळवा टेकवून सांगत गेली, कोमटच, गरम, गरम पण सोसवतंय. मधल्या वेळात तिनं आपली हकिकत सांगितली. नवरा करोनात गेला. जालन्यात कुणी आपलं उरलं नाही, मुलगा पुण्याला शिकतोय, म्हणून ती करमाडला आईकडं, सारजाबाईकडं परत आली. हातात एकच विद्या होती. शेड भाड्यानं घेतली, गावातल्या बायांना सोल्डर धरायला शिकवलं. बाया आता तिच्यापेक्षा चांगलं काम करतात, पण बाजारात तिचा माल कुणी उभा करत नाही, सगळ्यांना चिनी हवा. ही ऑर्डर मिळाली तर शेड चालेल, नाहीतर पाडव्याला मालकाला किल्ली द्यायची, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग तिनं त्याला विचारलं, तुमचं काय. त्यानं सांगितलं, आई बरी आहे. संपली हकिकत.

पण आत त्याच्या जिवाची काय घालमेल चालली होती ती त्यालाच ठाऊक. खिडकीतून शहागंजाचा गलका वर येत होता, तवा तापत होता, डब्यातून भाकरीचा वास सुटायला लागला होता आणि शेजारी ती बसली होती. हा दिवस संपूच नये, असं त्याला वाटत होतं. आणि तो तर संपणार होता. माल उत्तम होता. बारा व्होल्टची लाइन जागची हलत नव्हती. संध्याकाळी तो पास म्हणून सही करणार, ती पिशवी उचलणार, जिना उतरणार, आणि उद्यापासून तिचं जे काय काम ते सिडकोतल्या ऑफिसात. तिला पुन्हा या जिन्यावर पाऊल टाकायचं कारणच उरणार नव्हतं. हां, नापास झाला असता तर गोष्ट वेगळी. मग ती आठवड्यानं परत आली असती. पुन्हा दिवसभर बसली असती. पुन्हा कोमट म्हणाली असती.

असला विचार डोक्यात आल्याबरोबर राजकुमारला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार जातो थोडाच. तेवढ्यात तनुजाचा फोन वाजला. तपासणीचं काय झालं, असं शेडवरून कुणीतरी विचारत होतं. खोलीत नीट ऐकू येईना म्हणून ती जिन्यात गेली. राजकुमारनं दाराकडं बघितलं, आणि उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. ठोकळ्यावरच्या लेबलाला जेवढं ओझं मंजूर होतं, त्याच्यावरचा एक स्विच त्यानं दाबला. काही झालं नाही. मग आणखी एक दाबला. बारा व्होल्टची लाइन केसभर खाली सरकली आणि पुन्हा थांबली. तो मीटरकडं बघत राहिला. बंद पड की बाबा, असं तो मनातल्या मनात म्हणत होता. पण ठोकळा काही पडेना. पंख्याचा आवाज तेवढा वर चढला.

तो आवाज जिन्यात गेला. तनुजा दारात येऊन उभी राहिली, फोन कानालाच होता. तिनं फोन बंद केला, आत आली, स्विच मोजायचीही तिला गरज पडली नाही.

‘‘लोड वाढवला व्हय?’’

राजकुमारनं जादा स्विच बंद केले. 

‘‘लेबलावर मी कमीच लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘पुंजारामकाकांनी शिकवलं होतं तसं. तो नाय मरायचा एवढ्यानं.’’ पुंजाराम म्हणजे कारखान्यातले त्यांचे उस्ताद, करमाडच्याच बाजूचे. ठोकळा ओढेल त्यापेक्षा कमी लेबलावर लिहायचं, ही त्यांची शिकवण. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. ‘‘नापास करायचंय मला? एकदा केलं होतं ना? तेवढ्यानं भागलं नाय का?’’

राजकुमारला काही उमगेना. त्यानं कधी तिला नापास केलं? त्यानं तसं विचारलंसुद्धा, त्याच्या मानानं बऱ्याच मोठ्या आवाजात.

‘‘डबा रिकामा धाडला तेव्हा,’’ तनुजा म्हणाली.

आता हा डबा कुठला, ते ऐका. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी एकच गडबड उडाली होती, आणि तनुजाचा डबा तव्यावरच राहिला होता. राजकुमारनं तो घरी नेला. दुसऱ्या दिवशी पुंजारामकाकांच्या हाती करमाडला पाठवला. लख्ख घासलेला आणि रिकामा. एवढीच गोष्ट. पण आपल्याकडं कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करत नाहीत, हे काय सांगायला हवं? साखर घालतात, चार शेंगा घालतात, काहीच नसलं तर चिमूटभर मीठ घालतात. रिकामं भांडं परत करायचं म्हणजे येणं-जाणं तोडल्यातच जमा.

‘‘आन् तो डबा मी इसरले नव्हते,’’ तनुजा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. ‘‘ठेवून गेले होते. म्हटलं, बोलत तर काय नाय हा माणूस. डबा तर आणून देईल. त्यात काय घालून देतो ते बघू. पुंजारामकाका आले. मी दारातच झाकण उघडलं. महिन्याभरात जालन्याचं स्थळ आलं, मी व्हय म्हणाले.’’

राजकुमार खाली बसला. तवा तापलेलाच होता, त्याची धग तोंडावर येत होती. बावीस वर्षं त्याला वाटत आलं होतं, की आपल्या मनातलं तिला कधी कळलंच नाही. कळलं नाही म्हणून गेली, असं समजून तो एक प्रकारे निवांत होता. आणि ती तर दारात उभी होती झाकण उघडून.

‘‘रिकामा नव्हता,’’ तो म्हणाला. ‘‘आईनं भरला होता. शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या.’’

‘‘मग कुठं गेल्या?’’

‘‘मी खाल्ल्या.’’

आणि मग हा महाकंजूस माणूस आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलला. मालनबाईनं रात्री दाणे भाजले, गूळ किसला, पोळ्या करून डबा गच्च भरला. तो घेऊन सकाळी हा सायकलवर निघाला पुंजारामकाकांकडं. वाटेत चिकलठाण्याच्या नाक्यापुढं त्याच्या डोक्यात किडा शिरला. करमाडला डबा उघडल्यावर तिचा बाप विचारणार, कुणाच्या घरचं? ती पोरगी खोटं बोलायची नाही. मग त्या पोळ्या तिच्या देखत उकिरड्यावर जातील, तिचं घराबाहेर पडणं बंद होईल, आणखी काय काय होईल. रस्त्याकडेच्या लिंबाखाली त्यानं सायकल टेकवली. पोळ्या टाकून द्यायला जीव होईना, आईच्या हातच्या होत्या. म्हणून बसून सगळ्या खाल्ल्या. घास उतरत नव्हता, पाणी पिऊन पिऊन ढकलला. मग हापशावर डबा घासला आणि पुंजारामकाकांना नेऊन दिला. तिचं भलं केलं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

तनुजानं सगळं ऐकून घेतलं. त्याला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, ती खवळली.

‘‘माझ्या बापाशी भांडायचं का नाय, ते तू कशाला ठरवलं? व्हायचं ते माझ्या घरात झालं असतं. त्या पोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या तर मी उकिरड्यावरून उचलून खाल्ल्या असत्या. तुला कुणी सांगितलं होतं माझं भलं करायला?’’

ते सकाळचं ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणणं कधीच जिन्यावरून खाली गेलं होतं.  खरं होतं ते. त्यानं तिच्या बापाची भीती बघितली, तिच्या घराची बघितली, आणि ती स्वतः काय आहे तेवढं बघायचं राहून गेलं. ज्या पोरीनं सगळ्यांसमोर त्याच्या डब्यात हात घातला होता, तिच्या धाडसावर यानं परस्पर पाणी ओतलं होतं.

अशा वेळी देवदूत कुठला येणार? करपल्याचा वास आला. जादा स्विचांनी तवा भलताच तापला होता आणि डब्यातली तळची भाकरी जळत होती. तनुजानं पदर धरून डबा कोपऱ्यावरून ओढला, झाकण काढलं. खालची भाकरी कोळसा, वरची ठीक. तिनं त्या कोळशाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि तिला हसू फुटलं. राग होता तिथंच होता, पण हसूही आवरेना. वरची भाकरी मोडून तिनं अर्धी त्याच्यापुढं ठेवली. चटणी कारळ्याचीच होती आणि तिखट बेताचं होतं. दोघं जेवले.

तिन्हीसांजेच्या आधी, शहागंजात नेहमी होतं तसं, वीज एकदम खाली गेली. ट्यूब फडफडली, खालच्या दुकानांतून आरडाओरडा झाला, आणि परत उजेड आला. ठोकळ्याचा पंखा तेवढ्यात एकदाही अडखळला नाही, बारा व्होल्टची लाइन तशीच. तनुजानं तळवा टेकवला आणि म्हणाली, गरम, पण सोसवतंय. राजकुमारनं शेवटची तपासणी केली. दोन तारा मुद्दाम एकमेकींना लावल्या. ठोकळा स्वतःहून शहाण्यासारखा बंद पडला, आणि तारा सोडवून पुन्हा सुरू केला तर पुन्हा चालू झाला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं सरांना फोन लावला आणि तिच्यासमोर सांगितलं, माल पास आहे, गेल्या कित्येक वर्षांत असा माल या खोलीत आला नाही, डोळे झाकून घ्या. 

‘‘आता इथं यायचं काम नाय तुला,’’ तो म्हणाला.

तनुजा पिशवीत चष्म्याची डबी शोधत होती. 

‘‘म्हणून लोड वाढवला,’’ राजकुमार म्हणाला. ‘‘नापास झाला असता, तर परत आली असतीस.’’

तिचे हात थांबले.  मग पिशवी खांद्याला लावली, ठोकळ्यावरून एकदा हात फिरवला आणि येते म्हणून जिना उतरली. तिची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत त्याला ऐकू आली. एवढं सगळं बोलून शेवटी ती गेलीच, असं म्हणत तो तवा पुसायला वळला, आणि बघतो तर कोपऱ्यावर डबा.

तो डबा उचलून खिडकीशी धावला. खाली ती रिक्षापाशी उभी होती. त्यानं हाक मारली, पण त्या गलक्यात कुठं ऐकू जायला? मग त्यानं डबा खिडकीबाहेर काढून उंच धरला. तळ काळा झालेला, झाकण तिरपं बसलेलं. तनुजानं मान वर केली. डबा नीट बघितला. त्याच्याकडं बघितलं. आणि हात नाही, मान नाही, काही न करता ती रिक्षात बसली आणि निघून गेली.

राजकुमार घरी आला तेव्हा मालनबाई दारात बसली होती. तिचे गुडघे गेलेत, पण नजर शाबूत. डबा बघून तिनं विचारलं, कुणाचा? तनुजाचा, तो म्हणाला. मालनबाईनं हात पुढं केला, डबा घेतला, उलटासुलटा करून बघितला. एवढा कशानं करपला हे तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, ‘‘मागल्या पोळ्या आवडल्या होत्या का रं तिला? तू काय बोललाच नाय कधी.’’

आता मात्र राजकुमारनं शब्द वाचवले नाहीत. सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, सायकल, हापसा. मालनबाईनं मधे कुठं अडवलं नाही. ऐकून झाल्यावर ती डब्याच्या काळ्या तळावर अंगठा घासत बसली.

‘‘सगळ्या खाल्ल्या?’’ तिनं विचारलं.

‘‘सगळ्या.’’

‘‘आन् मी वाट बघत बसले,’’ मालनबाई म्हणाली. ‘‘म्हटलं, गोड लागलं असंल तर पोरगी काय तरी निरोप धाडील. नाय आला. मंग समजले, आपल्या घरचं खाल्लं नसंल कुणी. लई राग धरला मी तिचा. इतकी वर्षं धरला.’’ मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि डबा राखेनं घासायला घेतला. राजकुमार पुढं झाला तर त्याच्या हातात दिला नाही.

शनिवारी दुपारी घरात भाजक्या दाण्यांचा वास भरला. रविवारी सकाळी मालनबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली. कित्येक वर्षांत ती वेशीबाहेर पडली नव्हती. गुडघ्यांवर पट्ट्या बांधल्या होत्या आणि शेजारी काठी होती. राजकुमारनं विचारलं, तू कुठं निघालीस? करमाडला, ती म्हणाली. एवढा प्रवास झेपायचा नाही, मी जाऊन येतो, डबा दे इकडं, असं तो म्हणाला.

‘‘तुझा भरवसा नाय,’’ मालनबाई म्हणाली. ‘‘तू रिक्षा बघ.’’

त्यानं रिक्षा आणली, आईला धरून बसवलं. नाका मागं गेला, ते लिंबाचं झाड मागं गेलं. रस्ता रुंद करताना वाचलेलं, अजून उभं होतं. राजकुमारनं तिकडं बघितलं, मग आईकडं. करमाड येईपर्यंत डबा मालनबाईच्या मांडीवर होता आणि तिचे दोन्ही हात झाकणावर होते.